सरांचा कान

हे मी कुणाजवळच बोलले नाही. संघटनेत नाही, आईजवळ नाही. सभेत माईक हातात आला की मी कुणाला सोडत नाही. सरपंच असो नाही तर संस्थाचालक, नाव घेऊन बोलते. एकच नाव आजवर घेतलं नाही. माझं.

अणदूरच्या पलीकडं आमचं गाव. तिथल्या शाळेत कोरे सरांचं समूहगीताचं पथक होतं. तीसेक पोरं, तीन रांगा, एक पेटी. डाव्या हातानं भाता, उजव्या हातानं सूर, आणि पोरांना इशारे सगळे भुवयांनी. सर कानडी मुलखातले. चुकलं की "साकु, साकु" म्हणत थांबवायचे. पुरे म्हणजे साकु. आम्हाला त्याचंही हसू यायचं.

त्यांची एक रीत होती. मधेच पेटी सोडून ते रांगांतून फिरायचे. पोरं नुसत्या गळ्यानं गात राहायची आणि सर एकेकाच्या तोंडाजवळ कान न्यायचे. ज्याचा सूर घसरला त्याच्या खांद्याला हात लावायचा. त्यानं गप्प व्हायचं आणि शाळा सुटल्यावर पेटीजवळ यायचं. तिथं सर त्याला एकट्याला बसवून सूर पक्का करून द्यायचे. दुसऱ्या दिवशी ते पोरगं पुन्हा गायचं. कुणाला कायमचं गप्प केलं नाही त्यांनी. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं एका पत्रकात मी याच्या उलट लिहिलंय.

मी सातवीत असताना सरांचे कान गेले. एक पुरता, दुसरा निम्मा. समोर बसून एकट्याचं ऐकू यायचं, घोळक्यातलं नाही. शाळेला कळलं असतं तर गाण्याचा तास गेला असता. म्हणून त्यांनी फक्त मला सांगितलं. मी पहिल्या रांगेतली, सुराची पक्की. "आजपासून तू माझा कान," म्हणाले. रांगांतून आता मी फिरायची. खांद्याला हात मी लावायची.

ललिता तांड्यावरची. दुसऱ्या रांगेच्या टोकाला उभी राहायची. पहिल्यांदा तिच्या तोंडाजवळ कान नेला आणि — कसं सांगू? तसला आवाज माझ्याजवळ नव्हता. होणारही नव्हता. स्पर्धेच्या गाण्यात एक कडवं एकटीनं गायचं होतं, आणि ते माझंच असं मी धरून चालले होते. सरांचे कान शाबूत असते तर ते तिला मिळालं असतं. पण कान मी होते.

मी तिच्या खांद्याला हात लावला. तेवढंच केलं असतं तर ती शाळा सुटल्यावर पेटीजवळ गेली असती, आणि एकटीचा आवाज सरांना ऐकू आला असता. म्हणून वाकून तिला म्हणाले — सर म्हणालेत, तुला सूर नाही, तू नुसते ओठ हलव, पेटीजवळ यायची गरज नाही.

तिनं ऐकलं. वर्षभर. तोंड उघडायची, मिटायची. सर समोरून तिच्याकडं बघून खुशीत मान हलवायचे. कडवं मी गायले. आमचा नंबर आला.

पोरपण होतं, म्हणाल? म्हणू नका. पुढचं मी मोठेपणी केलंय.

शाळांतल्या भेदभावावर आम्ही मोहीम काढली. भेदभाव आहे. त्याच्याशी मी आजही भांडते, आणि भांडणार. जळकोटजवळच्या एका तांड्यावर बैठक होती. ललिताचं सासर तेच. वर्गातली मी आता तिची ताई झाले होते. ती उठली आणि म्हणाली, "मला सरांनी नुसते ओठ हलवाय लावले. वरीसभर." बायका हळहळल्या. शेजारी बसलेला कार्यकर्ता माझ्या कानाशी लागला — "हेच पायजे होतं. लिही."

मी गप्प बसू शकले असते. तेवढाही भित्रेपणा केला नाही. बसून लिहिलं. "तांड्याचा गळा दाबणारा गुरुजी" — मथळा माझा. पत्रक कसं लिहायचं ते मला येतं. एक नाव घ्यायचं, एक घाव घालायचा, बाकीचं लोक स्वतः भरतात.

ललिताला पुढं घालून मोर्चा शाळेत नेला तेव्हा पथक सरावाला उभं होतं. मुख्याध्यापकांनी पत्रक सरांच्या हातात दिलं. ते वाचून त्यांनी वर बघितलं, गर्दीत मी दिसले, आणि त्यांचा चेहरा — उजळला हो. "ही होती तिथं," ते सगळ्यांना म्हणाले. "बाळ, तू सांग. मी असं बोललो?"

मी मोठ्यानं बोलले. त्यांना ऐकू जावं म्हणून.

"बोललात, सर. माझ्यासमोर."

ते भांडतील असं वाटलं होतं. भांडले असते तर मला बरं पडलं असतं. ते नुसते उभे राहिले, आठवत. मग म्हणाले, "ही म्हणते म्हणजे बोललो असेन." माझ्यावर त्यांचा एवढा विश्वास. पुढं होऊन त्यांनी ललितासमोर हात जोडले, पथकाच्या पोरांदेखत. मागून कुणी तरी म्हणालं, "आता बघा, म्हातारं कसं गोगलगाय झालंय." लोक हसले. मीही हसले.

पथक मोडलं. निवृत्त होईपर्यंत सरांना पुस्तकांच्या खोलीत बसवून ठेवलं. मला संघटनेनं तालुका दिला.

परवा तांड्यावर गेले होते. ललितानं चहा टाकला. तिची पोरगी उंबऱ्यात बसून शाळेतलं काही तरी गात होती. मोकळा, भरलेला आवाज. कुणाचा, ते मला लगेच कळलं. ललिता आतूनच म्हणाली, "गप ग बाय. आपल्या घरात सूर न्हाय." मग माझ्याकडं बघून हसली. "सर वंगाळ बोलले, ताई, पण खोटं न्हाय बोलले. मला सूर नव्हताच. व्हय का न्हाय?"

"व्हय," मी म्हणाले.

पोरगी गप्प झाली. मी चहा संपवला आणि पुढच्या घराकडं निघाले.