शेवटापासून शिकवणाऱ्या बाई

“हात मागं घ्या, भाऊ!” मुलाला मदत करायला कुणा आईबापाचा हात पुढे झाला, की बाई असं खेकसायच्या. तुम्ही असता तर तुम्हालाही राग आला असता. मला पहिल्याच दिवशी आला.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी संत्र्यांचा दलाल. काटोलहून आलो आणि नागपुरात निव्वळ जिभेवर उभा राहिलो. मुलगी नऊ वर्षांची, मतिमंद. तेव्हा हाच शब्द होता. अक्षरं शिकेल म्हणून तिला अशा मुलांच्या शाळेत घातली, तर बाई फ्रॉक घालायला शिकवत बसलेल्या.

“फ्रॉक तिची आई घालते. दोन अक्षरं शिकवा,” मी म्हणालो.

“अन् आई किती वर्सं पुरंन, भाऊ?”

मी सवयीने मुदतीवर आलो. “बरं, महिन्यात येईल?”

“हा बाजार नाही जी!”

त्यांची रीत उलटी. फ्रॉक डोक्यातून, हातांतून त्या घालत. कमरेखाली ओढायचं तेवढं मुलीने करायचं. ते जमलं की एक बाही तिची, मग दुसरी. काम दर वेळी पोरीच्याच हातून पुरं व्हायचं. सात महिन्यांनी तिने आख्खा फ्रॉक स्वतः घातला. उलटा. मी सरळ करायला धावलो.

“राहू द्या ना उलटा!” बाई ओरडल्या, आणि डोळे पुसू लागल्या.

मग संमेलन आलं. प्रमुख पाहुणे मुलांना पेढा भरवणार, फोटोवाला सज्ज. पहिली माझी मुलगी.

“हातात द्या, साहेब. ते सोताच्या हातानं खाते,” बाई म्हणाल्या. पाहुण्यांनी पेढा तिच्या ओठांशी नेला. बाईंनी भर मंचावर त्यांचं मनगट धरलं. सभागृह हसलं.

महिन्याभरात शाळेच्या समितीची बैठक. ‘मुलांना एक कविता येत नाही,’ म्हणून बाईंना काढायचं ठरलं. पालकांचं मत विचारलं. एका पेटीच्या भावासाठी तासभर घसा फोडणारा मी, मान खाली घालून बसलो. माझा माल समितीच्या अध्यक्षांच्या ट्रकांतून जायचा. बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, पिशवी उचलली आणि गेल्या. कुठे, ते विचारायला मला तोंड नव्हतं. अध्यक्षांना शिव्या घातल्या, त्याही घरात.

नव्या बाई गोड बोलायच्या. वीस मिनिटांत बारा पोरांना भरवून मोकळ्या. समिती खूश.

दिवाळीपर्यंत माझी मुलगी घरीही भरल्या ताटापुढे हात मांडीवर ठेवून, तोंड उघडून बसू लागली.