कुणी न पाहिलेला आरसा

जळगावच्या स्टेशनात गाडी हलली तेव्हा माझी थोरली बहीण हलीमा आपा डब्याबरोबर चालू लागली. लेक पहिल्यांदाच सातासमुद्रापार निघाली होती. पण आपा तिच्याकडे पाहत नव्हती. ती मला बजावत होती.

"आरसा संभाळजो, भाऊ! पोरगी चुकनी तर सापडी जाई, आरसा सापडाव नही!"

खिडकीशी बसलेली माझी भाची जैतून बुरख्याआडून म्हणाली, "अम्मी, मी बी शे आठे." (मीपण आहे इथे.)

आम्ही पिंजारी, कापूस पिंजणारे. मी तेवढा धुळ्याला मराठी शाळेत मास्तर झालो. जैतूनचा निकाह झाला त्या दिवशी मांडवात नवरदेवच नव्हता. इस्माईल भुसावळचा, रेल्वेच्या कारखान्यात फिटरकाम शिकलेला. तो एडनला बर्फाच्या कारखान्यात नोकरीला होता आणि मालकाने रजा दिली नाही. आमच्यात अशा वेळी वकील (नवऱ्याच्या वतीने बोलणारा) चालतो. इस्माईलच्या थोरल्या भावाने त्याच्या नावाने "कबूल" म्हटले आणि बायका त्या बिचाऱ्याला दिवसभर "दोन बायकांचा दादला" म्हणून चिडवत होत्या. लग्न झाले, पण नवराबायकोने एकमेकांना पाहिले नव्हते. कारखान्याच्या चाळीत बायकांना राहू देत नाहीत, म्हणून असे ठरले की जैतूनने एका बोटीने जावे, थोडे दिवस भेटावे आणि परतीच्या बोटीने यावे. बाईमाणसाने इतका लांबचा प्रवास एकटीने करायचा नाही. सोबत महरम (ज्याच्याशी कधीच निकाह होऊ शकत नाही असा पुरुष) हवा. मला उन्हाळ्याची सुट्टी होती. मी सख्खा मामा. मी निघालो.

आता त्या आरशाचे. लग्नात नवरानवरीच्या डोक्यावर शाल टाकतात, पुढे कुराणशरीफ आणि आरसा ठेवतात, आणि दोघे एकमेकांचे तोंड प्रथम त्या आरशात पाहतात. ही रीत पुष्कळांना माहीत आहे. आमच्या घराण्यात तिला एक पुरवणी आहे. आरसा एकतर घरचा हवा, ज्यात फक्त नवऱ्या मुली आणि त्यांचे दादले यांनीच पाहिले आहे. नाहीतर असा हवा की ज्यात आजवर कुणीच पाहिलेले नाही. घरचा आरसा हिरव्या फडक्यात बांधून पेटीत असतो. त्यात पाहिल्याखेरीज नवऱ्याचे तोंड पाहणार नाही, असे जैतूनने आईच्या डोक्यावर हात ठेवून सांगितले होते.

मुंबईहून बोट निघाली. आम्ही डेकवर सतरंजी टाकून होतो. जैतून सारखी एक फोटो काढून पाही. कारखान्याच्या सगळ्या कामगारांचा तो फोटो इस्माईलने पाठवला होता. "मिशावाला तो मी," असे त्याने कळवले होते. फोटोत झाडून सगळ्यांना मिशा होत्या.

"मामू, हाऊ व्हई का?" ती विचारी. (हा असेल का?)

"असेल."

"मंग हाऊ?"

"तोही असेल." माझ्याच्याने खोटे बोलवत नाही.

एडन जवळ आले त्या सकाळी मला वाटले, जावयासमोर खुंट वाढलेल्या तोंडाने जाऊ नये. माझा आरसा ट्रंकेच्या तळाशी होता. हिरवे फडके वरच होते. मी काय केले ते लिहिताना आजही मान वर होत नाही. मी ते सोडले, आरसा कठड्याला टेकवला आणि दाढीला साबण लावला. अर्धा गाल झाला आणि बोट कलली. आरसा एकदा सूर्याकडे चमकला आणि समुद्रात गेला.

शेजारी एक कच्छी व्यापारी दात घासत होता. तो म्हणाला, "जाऊ द्या मास्तर, आता मासे दाढी करतील."

मी अर्ध्या दाढीने तिथेच बसलो. आरसा बुडाला हे तर होतेच. पण तो बुडण्याआधीच मी बाटवला होता, कारण मी त्यात पाहिले होते. बुडाला नसता तरी उपयोगाचा उरला नव्हता. हे दुसरे पाप पहिल्यापेक्षा मोठे की लहान, याचा हिशेब मला लागेना. जैतूनने चहा आणला तेव्हा मी सगळे सांगून टाकले.

ती आधी माझ्या गालाकडे पाहून हसली. मग रडली. मग म्हणाली, "दुसरी बाजू तरी करी ल्या, मामू. ते काय म्हणतीन?"

एडनचे पहिले दर्शन असे की, आपल्या सातपुड्याची साल काढून तो समुद्रात उभा करावा. काळे उघडे डोंगर, झाड म्हणून नाही. मोठी बोट दूर थांबते आणि सोमाली नावाडी होडक्यातून धक्क्यावर नेतात. धक्क्यावर हमाल, उंट, पोलीस आणि त्या गर्दीत एक उंच माणूस डोक्यापासून हनुवटीपर्यंत पंचा गुंडाळून उभा होता. तो हात पुढे करून चाचपडत आला आणि एका पारशी गृहस्थाला वाकून म्हणाला, "सलाम, मामू."

तो इस्माईल होता.

"अरे, तोंड का झाकलेस?" मी त्याला बाजूला ओढत विचारले.

"मामू, तिला बुरख्यातून दिसणार. म्हणजे आरशाआधी ती मला पाहणार. तिच्या अम्मीने लिहवून पाठवलेय, रीत मोडू नको."

मी मध्ये, एका हाताला पंचा, एका हाताला बुरखा, अशी आमची वरात निघाली. नावाडी पोट धरून हसत होता. वाटेत मी इस्माईलला आरशाची हकीकत सांगितली. तो थांबला. पंचा आतबाहेर होऊ लागला. तेवढ्यावरून मला कळले की त्याला धाप लागली आहे.

"आता?" तो म्हणाला.

मी दोघांचेही हात धरून पुढे चालू लागलो.

डोंगराच्या पोटातल्या जुन्या गावात त्याने एका अरब विधवेच्या घरी आम्हाला जागा घेतली होती. तिला सगळे खाला (मावशी) म्हणत. तिने आम्हाला किशर (कॉफीबियांच्या टरफलांचा आले घातलेला काढा) पाजला, भाकरीएवढी रोटी आणि भाजलेला मासा वाढला. इस्माईल पंचा किंचित उचलून खालून घास घेत होता. जैतून भिंतीकडे तोंड करून जेवली. खालाने बराच वेळ हे पाहिले, मग इस्माईलकडे बोट करून आपल्या गालावर टिचक्या मारल्या आणि माझ्याकडे करुणेने पाहिले. याला देवीचे व्रण आहेत काय, असे ती विचारत होती. मी मान हलवून नाही म्हटले. तिचा विश्वास बसला नाही. तिने त्याला आणखी एक मासा वाढला.

दुसऱ्या दिवशी मी बाजारात गेलो. पाप माझे, तेव्हा पायपीटही माझी. तिथे गुजराती दुकाने पुष्कळ आहेत. एका म्हाताऱ्या दुकानदाराकडे मी आरसा मागितला. त्याने पाच-सहा मांडले.

"ज्यात कुणी तोंड पाहिलेले नाही, असा हवा."

"नवीन आहेत सगळे."

"पण तुम्ही पाहिले असेल ना त्यात?"

"भाई, न पाहता हा आरसा आहे हे मला कसे कळणार?"

"मग खोका न फोडता द्या."

"आणि आत फुटलेला निघाला तर?" त्याने मला बसायला स्टूल दिले, पाणी दिले आणि मुलाला बोलावून म्हणाला, "यांना ऊन लागलेय."

तरी मी एक बंद खोका आणलाच. आम्ही तो उघडायला घेतला तेव्हा जैतून म्हणाली, "ज्यानी बनाडा, त्यानी नही देखं व्हई का?" ज्याने बनवला त्याने पाहिले नसेल का? ते खरेच होते. कारागीर डोळे मिटून आरसा घासत नाही. खोका तसाच ठेवला. मग मी डोंगरातली जुनी प्रचंड टाकी पाहायला गेलो. साठलेल्या पाण्यात निदान प्रतिबिंब पडेल असे वाटले. टाकीत पाण्याचा थेंब नव्हता, एक शेळी होती. एडनला पाऊस वर्षानुवर्षे पडत नाही. तिथले लोक समुद्राचे पाणी उकळून, त्याची वाफ धरून पितात.

दिवस जात होते. इस्माईल कामावरून येई, दारातून चाचपडत आत येई, आणि दोघे पडद्याच्या दोन बाजूंना बसून बोलत. मी ओसरीत असे. तो यंत्रांबद्दल सांगे, ती जळगावबद्दल. एका संध्याकाळी ती म्हणाली, "असंच परत जानं पडनं, तर मी अम्मीले काय सांगू? आवाजसंगे लगन व्हयनं?"

आवाजाशी लग्न. ते ऐकून मी भिंतीला डोके टेकले. परतीची बोट चार दिवसांनी सुटणार असल्याचे दुपारीच कळले होते.

पडद्याआडून इस्माईलने विचारले, "मामू, वाफेच्या पाण्याचा बर्फ कसा असतो माहीत आहे? काचेसारखा. आरपार."

मी म्हणालो, "मग?"

"बर्फाचा डबा मी डोळे मिटून उघडीन. त्यात आजवर कुणी पाहिलेलं नसेल. बनवणाऱ्यानंसुद्धा."

पहिली लादी गोणपाटात गुंडाळून उंटाच्या गाडीवरून आली. वाटेत उंट बसला. तो उठेपर्यंत लादी साबणाच्या वडीएवढी उरली. दुसऱ्या दिवशी भर दुपारी इस्माईलने लादी स्वतःच्या डोक्यावर घेतली, वर पंचा, आणि डोळे झाकलेले. मी त्याला हाताला धरून रस्त्याने पळवत होतो. पाणी त्याच्या मानेवरून वाहत होते. लोक बाजूला होऊन वाट देत होते; बहुधा त्यांना आमच्या घरी कुणी दगावले आणि बर्फ मयतासाठी चाललाय असे वाटले.

खालाने चटई टाकली. लादीमागे जैतूनचा काळा बुरखा टांगला, म्हणजे आरशाला पारा झाला. मी कुराणशरीफ रेहालवर (लाकडी घडीच्या ठवणीवर) ठेवले, दोघांवर शाल टाकली आणि पाठ फिरवली. आतून पंचा सोडल्याचा आवाज आला.

"दिसना का?" मी न राहवून विचारले.

"नही, मामू. वाफ बठी गयी." एडनच्या दमट हवेने बर्फावर धुके धरले होते.

"पुसा, पुसा!" मी ओरडलो.

मग पुसण्याचा आवाज येऊ लागला. एका हाताचा, मग दोन हातांचा. धुके पुसावे आणि पुन्हा धरावे. एकदा दोन्ही हात एकदम थांबले. बांगड्या वाजल्या नाहीत, फक्त चटईवर टपटप पाणी पडत होते.

"बठ्ठं पानी व्हई ऱ्हायनं," (सगळे पाणी होतेय,) जैतून हळूच म्हणाली. "आते तरी देखा."

आणि थोड्या वेळाने तिचे हसू ऐकू आले. "अय्या! मिशा कोठे शेत?"

"तू येणार म्हणून काढल्या."

"मी बोटवर बठ्ठा मिशासकडे देखत बसनू!"

खालाने शालीत डोके खुपसून इस्माईलचा चेहरा पाहिला, त्यावर एकही व्रण नाही हे पाहून हात वर करून देवाचे आभार मानले, आणि उरलेली लादी मुसळाने फोडून साखर-लिंबाच्या सरबतात टाकली. आम्ही चौघांनी ते प्यायले. इतके गार सरबत मी जन्मात प्यायलो नव्हतो. त्या रात्री मी गच्चीवर झोपायला गेलो, आणि बोट सुटेपर्यंत तिथेच राहिलो.

निघताना इस्माईल धक्क्यावर उघड्या तोंडाने उभा होता. नावाड्याने त्याला ओळखलेच नाही. जैतून त्याच्याकडे पाहत राहिली, मी समुद्राकडे. कुठेतरी खाली आमचा आरसा होता.

जळगावला उतरलो तर आपा फलाटावर हजर. तिने लेकीला छातीशी धरले, पोटभर रडली आणि मग माझ्याकडे वळली.

"आरसा कोठे शे?"

मी तोंड उघडण्याआधीच जैतून म्हणाली, "अम्मी, तो आम्ही पी टाका."

आपाने माझ्याकडे पाहिले. मी मान डोलावली. खोटे नव्हते ते.

आता जळगावला बर्फ मिळतो. जैतून दर शुक्रवारी बाजारातून एक खडा आणवते आणि ओसरीत हातावर घेऊन बसते. त्याच वेळी एडनला इस्माईल पहिली लादी काढून तीत पाहतो, असे दोघांचे ठरले आहे. खड्यात भुसा असतो, त्यातून कुणाचे तोंड दिसणार? तरी तिचा हात गारठून लाल होतो आणि ती पाणी होईपर्यंत उठत नाही. परवा सुट्टीत गेलो होतो, तेव्हा तिने खड्यावरून बोट फिरवले आणि मला म्हणाली, "मामू, मिशा परत ठेयात त्यास्नी." (मिशा परत ठेवल्यात त्यांनी.)

मी हो म्हटले. दाढी मी आता न्हाव्याकडे करतो.