मागच्या दाराचा अडसर

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलांना नाही. तुम्हाला का सांगते आहे, तेही मला नीट कळत नाही. ऐका म्हणजे झालं.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे ते दिवस. आम्ही ठाकूरद्वारला चाळीत राहायचो. हमरस्त्यावर मोर्चा आला की अश्रुधूर, मग लाठ्या, मग गोळ्या. शेजारच्या वाडीत खिडकीशी उभ्या असलेल्या एका पोराच्या खांद्यात गोळी घुसली, तेव्हा आम्ही बायकांनी ठरवलं – पुरुष काय करायचं ते करोत, पोरं आपण सांभाळायची. गॅलरीतून थाळी वाजली की गल्लीतल्या साऱ्या पोरांनी मागच्या दाराने आत यायचं, जिन्याखाली बसायचं. पोरं आत आली की दाराला अडसर घालायचा. तो माझ्याकडे होता. दार माझ्या खोलीला लागून, म्हणून.

पण त्या दिवसांत माणूस माणसाकडे सरळ बघत नव्हता. चाळीतल्या, चळवळीत असलेल्या दोन तरुण मुलांना पोलिसांनी पहाटे झोपेतून उचलून नेलं. नेमकी त्यांचीच खोली कशी कळली? कुणी सांगितलं? नळावर कुजबुज सुरू झाली आणि ती विमलवर येऊन थांबली. विमल नवीन बिऱ्हाडकरू, नवरा बोटीवर, मूलबाळ नाही. आणि भाऊ पोलिसात. एकदा तो गणवेशातच तिच्याकडे आला होता. एवढं पुरे झालं. ती आली की आम्ही बोलणं बदलायचो. मी तर तिच्यावर पाळतच ठेवली – कुठे जाते, कुणाशी बोलते, पिशवीत काय आणते. काही सापडलं का? नाही. त्याचाच मला जास्त संशय यायचा.

त्या दुपारी थाळी वाजली. पोरं धावत आली, मी अडसर घातला. जिन्याखाली लीलाची मुलं दिसेनात. लीला आमच्याच मजल्यावरची, शाळेत शिकवायची. तिची सुधा सात वर्षांची, बंडू जेमतेम दोनचा. वाटलं, वर असतील कुणाकडे. वर जाऊन बघितलं का? नाही बघितलं.

तेवढ्यात दारावर थापा.

"वहिनी, दार उघडा! मी विमल. पोरं आहेत माझ्याबरोबर!"

माझा हात अडसरावर होता. हे मला अजून दिसतं – हात होता. आणि डोक्यात काय आलं? ही बाहेर का गेली? हिला कुणी पाठवलं? गल्लीत बुटांचे आवाज येत होते. मला वाटलं, हिनेच आणलंय त्यांना. दार उघडलं की आत घुसतील, चळवळीतल्या उरलेल्या तरुण मुलांनाही नेतील.

असं वाटलं, इथवर मी स्वतःशी पुष्कळदा कबूल केलं आहे. पण पुढचं? विमलच्या मागोमाग सुधाचा आवाज आला. "काकू, मी आहे." स्पष्ट आला. रडत नव्हती ती. घरी आलेलं मूल दारातून हाक मारतं, तशी हाक होती.

मी अडसर काढला नाही.

विमल पोरांना घेऊन पुढच्या वाडीकडे पळाली. बंडू तिच्या कडेवर होता, सुधाचा हात धरलेला. गोळी सुधाला लागली. इस्पितळात पोचेपर्यंत ती गेली.

संध्याकाळी सगळे माझ्या खोलीत जमले. विमलच्या पातळावर रक्त तसंच होतं. ती म्हणाली, "मुलं कोपऱ्यावर खेळत होती, थाळी ऐकू गेली नाही त्यांना, म्हणून आणायला गेले. मी दार ठोठावलं. हाका मारल्या."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "थाळ्यांच्या आवाजात मला काहीच ऐकू आलं नाही."

मग कुणीतरी म्हणालं, ठोठावलंच नसेल. दुसरं कुणी म्हणालं, पोरांना बाहेर नेलं कुणी, ते विचारा. मी तिथेच बसले होते. बोलता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं. मी पदराने डोळे पुसत राहिले, आणि लोकांना वाटलं, हिला सुधाचं केवढं दुःख.

थोड्याच दिवसांत विमलने खोली सोडली. टांग्यात सामान चढवताना तिला मदत करायला कुणी गेलं नाही. मी दारात उभी होते. ती जवळ आली, हळूच म्हणाली, "वहिनी, तुम्हाला ऐकू आलं होतं."

विचारलं नाही तिने. सांगितलं.

मी मान हलवली – नाही म्हणून.

त्या दोन मुलांची खबर दिली होती पलीकडच्या दुकानदाराने. ते पुढे उघड झालं. चाळीत दोन दिवस चर्चा झाली, विमलचं नाव मात्र कुणी काढलं नाही. मीही नाही.

लीला पुन्हा शाळेत जाऊ लागली तेव्हा बंडूला कुठे ठेवायचं हा प्रश्न आला. ती त्याला घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, "तुमच्याकडे असला की मला घोर नाही. त्या दिवशी तेवढी पोरं तुमच्यामुळे वाचली."

मी हात पुढे केले. बंडू माझ्याकडे आला. तो शाळेत जायला लागेपर्यंत रोज मी त्याला भरवलं, निजवलं, आणि रोज संध्याकाळी लीला त्याला न्यायला आली की माझे आभार मानायची. मी ते घेत राहिले.