दत्ताच्या बाकावरचे सोबती

एसटीडी बूथ चालवणाऱ्याला दुसऱ्याचं ऐकायची हौस नसते, पण ऐकू येतंच. केबिनचं काचेचं दार नीट लागत नाही, आणि लांबचा फोन असला की माणूस ओरडूनच बोलतो. मीटर पावती काढून देतं. बोलणं माझ्याकडे राहतं. तळोज्याच्या कारखान्यात पाय गेल्यावर अपंगांच्या कोट्यातून घणसोली गावात हा बूथ मिळाला, तेव्हापासून असं बरंच साठलंय. त्यातले कारगिलच्या वेळचे किस्से मात्र सगळे एकाच बॅचचे आहेत.

दत्ता माझ्या मागच्या गल्लीतला. मूळचे साताऱ्याकडचे. बाप मार्केटात गोण्या वाहता वाहता गेला. आई शांताबाई डोक्यावर पाटी घेऊन भाजी विकते. दत्ता पहाटे बापाच्या जागी गोण्या उचलायचा आणि तिथूनच वाशीला बी.कॉम.च्या वर्गात जायचा. शर्टाला कांद्याचा वास यायचा, म्हणून त्याच्या शेजारी कुणी बसत नसे. हे त्यानेच मला हसत सांगितलं होतं. "अण्णा, आख्खा बाक माझा. ऐसपैस बसतो."

पुढे तो फौजेत भरती झाला. तेव्हा त्याच्या वर्गातला नितीन माझ्या बूथसमोरच त्याला म्हणाला होता, "बी.कॉम. करून बंदूक? हिशेब कच्चा राहिला तुझा."

मग लढाई लागली आणि दत्ताची पलटण वर डोंगरात गेली. त्या महिन्यात नितीन केबिनमधून कुणाला तरी सांगत होता, "अरे, दत्ता आणि मी एका बाकावर बसायचो." आठवड्याने त्याच वर्गातला प्रकाशही फोनवर तेच म्हणाला. मग दीपक. दर रविवारी तो बाक लांब होत गेला. जुलैपर्यंत त्यावर सगळी बॅच बसली होती.

*

ही मंडळी माझ्याकडे यायची त्याला कारण होतं. दत्ताच्या घरी फोन नव्हता. त्याने पलटणीत माझाच नंबर दिला होता. रविवारी सकाळी कधीतरी त्याचा फोन यायचा, मी गल्लीत हाक द्यायचो आणि शांतावहिनी पळत यायच्या. हे कळल्यावर त्याचे मित्र रविवारी सकाळपासून माझ्या बाकड्यावर येऊन बसायला लागले. चहा पीत लढाई चालवायचे.

प्रकाश वाशीला कॉम्प्युटर क्लासच्या ॲडमिशन्स घ्यायचा. त्याने पेपरातला कारगिलचा नकाशा कापून माझ्या काचेला चिकटवला आणि त्यात लाल टाचण्या खोचल्या. "आपले इथून चढणार. ते इथे अडकणार." इमारतीला लिफ्ट नाही म्हणून दुसऱ्या मजल्यावरच्या मावशीकडे न जाणारा मुलगा हा.

शांतावहिनी पाटी उतरवून नकाशा बघत राहिल्या. "ह्यात माजा दत्ता कुठं हाय रं?"

प्रकाशला तरी काय माहीत? पण तो गप्प बसणाऱ्यातला नव्हे. त्याने डोंगरात एक टाचणी खोचली. "इथे, काकू."

वहिनींनी पदराने कपाळ पुसलं. म्हणाल्या, "टाचनी काड. टोचंल त्येला."

*

दीपक एका एक्स्पोर्टच्या ऑफिसात कारकून होता, आणि त्याचं लग्न जमत नव्हतं. मुलीकडच्यांशी तो माझ्याच बूथवरून बोलायचा, कारण घरून बोललं की वडील मध्ये बोलतात. लढाई लागल्यावर त्याने नवीन सुरुवात शोधली. नाव सांगायचं, शिक्षण सांगायचं, आणि लगेच म्हणायचं, "माझा जिवलग मित्र बॉर्डरवर आहे."

एकदा कराडच्या एका गृहस्थांना त्याने दत्ताची सगळी माहिती दिली. उंची, छाती, शौर्य. छातीचं माप कुठून आणलं देव जाणे. ते गृहस्थ बहुतेक ठार बहिरे असावेत, इतके मोठ्याने बोलत होते. त्यांचा प्रश्न मला बाहेर स्टुलावर ऐकू आला.

"ते सगळं ठीक. त्या मित्राचं लग्न झालंय का?"

*

मग जवानांसाठी सामान गोळा करायचं ठरलं. नितीनने टेम्पो मिळवला. आता घणसोलीत आणि वाशीत लोकरीचं कापड कुणाकडे असणार? इथे डिसेंबरातसुद्धा पंखा लागतो. पण मंडळी दारोदार फिरली. लग्नातले दोन कोट आले, कुणाचा टाय आला, अर्धी वापरलेली पावडर आली, एका बाईंनी बाळाची कुंची दिली. प्रकाशने प्रत्येक पिशवीत आपल्या क्लासचं पत्रक घातलं. पहिल्या महिन्याच्या फीमध्ये सूट.

मी हळूच विचारलं, "अरे, ते तिथे लढतायत ना?"

"परत आल्यावर जॉईन करतील, अण्णा. बॅच रोजच सुरू होते."

टेम्पो पुढे कुठे गेला ते मी विचारलं नाही. बाळाची कुंची मात्र मी काढून ठेवली होती. ती बाई दुसऱ्या दिवशी परत मागायला आली.

*

आता त्या रविवारचं सांगतो. फोन वाजला. मी रिसीव्हरला हात घालणार तोच नितीनने उचलला.

"दत्ता? मित्रा, सगळं घणसोली तुझ्या पाठीशी आहे." पुढे तो जे बोलला ते सभेत बोलायचं होतं. मग प्रकाशने घेतला. "तिकडची परिस्थिती काय? इथे पेपरात काही खरं येत नाही." मग दीपक. त्याला बोलायचं काहीच नव्हतं, पण बोललो असं सांगायचं होतं.

मी कुबडी आपटली. "आईला द्या रे तिच्या."

वहिनी पिठाच्या हातांनी पळत आल्या होत्या. हातात रिसीव्हर आला आणि लाईन तुटली. त्यांना ते कळलं नाही. त्या म्हणाल्या, "दत्ता, जेवलास का?" उत्तर येईना, म्हणून परत म्हणाल्या, "जेवलास का रं?"

मी पुढे होऊन त्यांच्या हातातून रिसीव्हर घेतला. त्याला पीठ लागलं होतं.

नितीन म्हणाला, "काकू, टेन्शन घेऊ नका. मी बोललोय सगळं."

त्यानंतर मी फोन माझ्या मांडीवर घेऊन बसायला लागलो. पण पुढच्या रविवारी तो वाजला नाही. त्याच्या पुढच्याही रविवारी नाही. वहिनी भाजीची फेरी सोडून दोन-दोनदा यायच्या. विचारायच्या नाहीत. नुसत्या माझ्या तोंडाकडे बघायच्या आणि जायच्या.

*

फोन येत नव्हता त्या दिवसांत नितीनने कार्यक्रम ठरवला. त्याचा धंदा प्लॉट विकण्याचा. उलव्यात तेव्हा चिखल आणि बगळे होते, आणि नितीन तिथे विमानतळ दाखवायचा. मैदानात मांडव घातला, मागे कापडी बॅनर. वर दत्ताचं नाव, खाली उलव्याचे प्लॉट. नगरसेवक येणार होते. दत्ताची आई स्टेजवर असावी असं कुणालाच सुचलं नाही.

तिच्या जागी कॉलेजच्या ओळखपत्रावरून मोठा करून आणलेला दत्ताचा फोटो खुर्चीवर ठेवला. खुर्ची रिकामी दिसते म्हणून दीपकने फोटोला हार घातला. पांढरा. प्रकाशने पुढे उदबत्ती लावली. तिघे पदवीधर. तिघांच्याही डोक्यात काही आलं नाही.

गावातल्या पाटलीणबाई म्हावरं विकून परत येत होत्या. त्यांनी मांडव बघितला, हार बघितला, उदबत्ती बघितली. टोपली तिथेच ठेवली. "शांताबाय गो, तुजा पोर गेला गो," म्हणत त्या गल्लीत शिरल्या, आणि ऐकेल तो मागे चालायला लागला.

शांतावहिनी मार्केटातून आल्या तेव्हा दारात ही गर्दी. एकीने डोक्यावरची पाटी उतरवून घेतली. एकीने हात धरला. वहिनींचं तोंड मी बघितलं आणि कुबडी टेकत जमेल तितक्या लवकर पुढे गेलो.

"वहिनी, माझ्याकडे बघा. माझ्याकडे काही आलेलं नाही. फोन नाही, तार नाही. मैदानात त्या पोरांनी फोटोला हार घातलाय. तेवढंच."

त्यांनी एकदा विचारलं, "तेवढंच?"

"तेवढंच."

त्या गेल्या. मागे सगळी गल्ली. नितीनचं भाषण ऐन रंगात आलं होतं. दत्ताच्या बाकावर आला होता तो. वहिनी स्टेजवर चढल्या, फोटोवरचा हार काढला, फोटो पुसून पदराखाली घेतला. मग नितीनकडे वळल्या.

"बस."

माईक चालू होता, सगळ्यांना ऐकू गेलं. नितीन त्या खुर्चीत बसला. वहिनींनी हार त्याच्या गळ्यात घातला, नीट केला, उदबत्तीचं घर पायाने त्याच्या पुढ्यात सरकवलं आणि उतरून गेल्या. फोटोग्राफरला वाटलं, कार्यक्रमातलंच आहे. त्याने फोटो काढला.

*

मंगळवारी भर दुपारी फोन वाजला. रविवार नव्हता, म्हणून बाकड्यावर कुणी नव्हतं. मी हाक दिली. वहिनी आल्या, दोन्ही हातांनी रिसीव्हर धरला.

"जेवलास का?"

तिकडून तो काहीतरी बोलला. त्या ऐकत राहिल्या आणि हळूहळू खाली, माझ्या स्टुलावर बसल्या. डोळे पुसले. मग त्याने मित्रांचं विचारलं असावं.

"बरी हायती सगळी," वहिनी म्हणाल्या. "रविवारी तुज्या नितीनचा सत्कार झाला मैदानात. न्हाई, हार मीच घातला."