माशीचं काळीज

माझी नात माश्यांवर शिकते. पिकल्या केळ्यावर घोंघावतात ती चिलटं. ती बाटल्यांत पाळायची, त्यांची अंडी घ्यायची आणि आतली अळी कशी घडते ते बघायचं. मी चौथी पास आहे, पण यात न कळण्यासारखं काही नाही. तिची अडचण एकच. अळीचं काळीज बनायच्या आधीच अंडी मरायची. माझ्या मुलाने, म्हणजे तिच्या बापाने, बजावलं होतं, "हा रविवार शेवटचा. नाही जमलं तर सोमवारपासून बँकेच्या परीक्षेचा क्लास."

सुट्टीच्या दिवशी रिकाम्या कॉलेजात पोर एकटी नको, म्हणून राखणीला मी. होळी होऊन गेली होती. तिथला एसी बिघडलेला. तिने अंड्यांची साल काढली, काचेवर थेंबभर पाण्यात ठेवली आणि रोजच्यासारखा पंखा लावला. मी कोथिंबीर निवडायला घेतली.

"तुझ्या पंख्याने माझी कोथिंबीर वाळली बघ," मी म्हटलं.

ती ताडकन उठली. "आजी, मतलब... अंडीपण सुकत असतील! साल नाही ना त्यांना!"

"मग बंद कर."

"तुला गरमी होईल."

"मी काय अंडं आहे मरायला?"

तिने दुसरी अंडी घेतली, पंखा बंद केला. आम्ही घामाने भिजलो. जेवणाचा डबा तसाच राहिला. मधूनमधून ती मला बारीक मोठं दाखवणाऱ्या तिच्या दुर्बिणीत डोकवायला लावायची. अंड्यात अळीचं आतडं वळत होतं. पाठ उघडी होती. तिच्या दोन्ही कडा हळूहळू जवळ आल्या आणि चोळीला टीप घालावी तशा जुळल्या. दुपार कलली तेव्हा ती ओरडली, "आजी, चाललं!"

मी पाहिलं. पाठीखाली केसाएवढी नळी आकसत होती, सुटत होती. आकसत होती, सुटत होती. खसखशीएवढ्या अंड्यात काळीज चालू झालं होतं. पोर रडत होती. मी तिला म्हटलं, रडतेस काय, फोटो काढ.

मग मुलाला फोन लावला. "क्लासबिस काही नाही. काळीज दिसलं."

"आई, तुला त्यातलं काय कळतं?"

"तुझं माझ्या पोटात बनलं तेव्हा मला काही दिसलं नव्हतं. हे मी डोळ्यांनी बघितलं. ये आता स्कूटर घेऊन, आम्हाला भूक लागलीय."

तो आला. आधी त्यालाच दुर्बिणीपुढे बसवला.