तीन पेनांची वही

चाकणच्या आमच्या कंपनीत ऑडिट जवळ आलं की सगळ्यात आधी पेनं गोळा होतात. तपासणीचं रजिस्टर रोज भरायचं असतं आणि रोजच्या रोज ते कुणीच भरत नाही. मग एका दुपारी बसून महिनाभराच्या नोंदी करायच्या. मी तपासणी विभागात आहे आणि या कलेत माझा हात धरणारा कुणी नाही. एक निळं पेन, एक काळं, एक शाई संपत आलेलं. मधेच एखाद्या पानावर चहाच्या कपाचं वर्तुळ. पान खरं वाटलं पाहिजे, राव!

हीच कला मी वडिलांवर चालवली.

आई गेल्यावर अण्णा निगडीच्या घरात एकटेच राहिले. मोशीला आमच्याकडे चला म्हटलं की म्हणायचे, "तुमच्या तिथं अकराव्या मजल्यावर झोपायचं म्हणजे पाळण्यात झोपल्यासारखं वाटतंय." लातूरकडून तरुणपणी आलेला हा माणूस. तीस वर्षं एका कारखान्यात तपासणीस होते. आता दिवसभर खुर्चीत बसून असायचे, समोर टीव्ही चालू आणि आवाज बंद.

ते बघवेना, म्हणून मीच शक्कल काढली. "अण्णा, खऱ्या गुन्ह्यांवरच्या मालिका येतात. आठवड्याला तीन भाग. तुम्ही इथं बघा, मी तिकडं बघतो. जोडीला एखादा सिनेमा. दोघांनी वही ठेवायची. संशय कुणावर आणि का, ते लिहायचं. रविवारी ताळा."

अण्णांनी त्याच संध्याकाळी वही आखली. पट्टी लावून, लाल शाईनं. टीव्हीचा आवाज परत आला. रविवारी मी चपला काढायच्या आतच उलटतपासणी सुरू व्हायची. "नवऱ्यावर संशय धरलास? त्याच्या बुटाला चिखल नव्हता, बघितलं नाहीस का? असाच माल पास करतोस का कंपनीत?"

पहिले दोन महिने मी इमानदारीत बघितलं आणि इमानदारीत हरलो. मग ओव्हरटाइम लागला. खरं सांगायचं तर तो दोनच आठवडे होता, बाकी सगळा आळस. शनिवारी दुपारी मी मोबाइलवर भागांची गोष्ट वाचायचो, तीन पेनं घ्यायचो आणि आठवडा भरून टाकायचो. बायको एकदा म्हणाली, "अहो, खून बघायला वेळ नाही आणि लिहायला बरा आहे!" मी तिला म्हटलं, ही आमची बापलेकांची गोष्ट आहे.

एका रविवारी अण्णांनी माझी वही चाळली, चहा ओतला आणि सहज विचारलं, "ह्या नव्या मालिकेच्या पाचव्या भागात त्या माळ्याला मारलं, तेव्हा काय वाटलं रे तुला?"

"फार वाईट वाटलं, अण्णा. त्या बिचाऱ्याची काय चूक होती?"

"हं."

तिथंच थांबावं ना? पण नाही. "मला तर त्याच्या बायकोचं जास्त वाईट वाटलं," मी म्हणालो.

"बायको होती त्याला?"

"दाखवली की. हिरव्या साडीतली."

अण्णांनी कप खाली ठेवला. "माळीच नव्हता त्यात. आमच्याकडं तपासणीसाची नजर बघायला चांगल्या मालात मुद्दाम एक खराब पीस सोडायचे. तसा सोडला मी. तू तर त्याचं लग्न लावून दिलास!"

मला हसू फुटलं. तेही हसले. मग त्यांनी चष्मा काढला.

"कधीपासून?"

"तीन महिने."

"पेनं बघितली होती मी. म्हटलं, घरात लेकरं पेन जागेवर ठेवत नसतील."

मी चार दिवस रजा टाकली आणि राहिलेले सगळे भाग ओळीनं बघितले. एकाच पेनानं लिहिले. पुढच्या रविवारी वही त्यांच्या पुढ्यात धरली. त्यांनी ती न उघडता टीपॉयवर ठेवली.

"मी काही बघितलं नाही ह्या आठवड्यात," ते म्हणाले.

"का? रागावलात?"

"राग नाही रे. दुपारी बघायला बसलो की वाटायचं, तू बी तिकडं हेच बघायलास. म्हणजे दोघं बसलाव असं वाटायचं. आता तसं वाटंना."

मी म्हटलं, मग आपण शेजारी बसूनच बघू. ते म्हणाले, "लाव." तसे आम्ही चार रविवार बघितलं. ते संशय कुणावर ते सांगत नव्हते आणि मी विचारलं तर म्हणायचे, "तूच सांग." पाचव्या रविवारच्या आधी, गुरुवारी सकाळी, मी कंपनीत लाइनवर असताना अण्णांच्या शेजाऱ्यांचा फोन आला.

आता मी सुटीच्या दुपारी एकटा बसून बघतो आणि ज्या दिवशी बघतो त्याच दिवशी लिहितो. मधेच चित्र थांबवतो. आत्ता ह्या क्षणी निगडीत कुणीतरी हेच बघतंय, असं मनाशी धरून बघतो. अण्णांना ते महिनोन्‌महिने जमत होतं. मला मिनिटभरही जमत नाही.