ती ड्यूटी माझी होती

स्वातंत्र्य मिळून सहा-सात वर्षं झाली असतील. पिंपरीच्या माळावर तेव्हा एक कारखाना उभा राहत होता. आजूबाजूला ज्वारीची रानं, पेरूच्या बागा, एका अंगाला सिंधी निर्वासितांच्या बराकी आणि मधून गेलेला मुंबई-पुणे रस्ता. मी माण तालुक्यातला. घरी रान थोडं, भाऊ तिघं, म्हणून पोलिसात भरती झालो आणि पिंपरीच्या चौकीवर आलो. नोकरी अजून कच्ची होती. दोन वर्षं नीट काढली तर कायम करणार, काही चुकलं तर घरी पाठवणार, एवढंच मला ठाऊक होतं.

माझी ड्यूटी असायची ती कारखान्याच्या फाट्यावर. लोखंड, सिमेंट, मोठाले पाइप भरलेल्या लॉऱ्या तिथून आत वळायच्या. बैलगाड्या थांबवायच्या, लॉरी आत घ्यायची, गाड्या सोडायच्या. खाकी हाफपँट, पायाला पट्ट्या आणि डोक्यावर ऊन.

चौकीवर एक हवालदार होते. मावळातले, पंचेचाळिशीच्या आतबाहेर, मिशा भरघोस, आवाज मोठा. पोलीस लाईनीत त्यांची खोली माझ्या खोलीला लागून. मी एकटा, म्हणून त्यांच्या घरून भाकरी यायची. त्यांच्या बायकोला मी काकी म्हणायचो. मूलबाळ नव्हतं त्यांना. पायाच्या पट्ट्या घोट्याशी सुटणार नाहीत अशा कशा बांधायच्या, तेसुद्धा मला हवालदारांनीच शिकवलं.

त्या हिवाळ्यात माझ्या मामांनी चिंचवडगावातलं एक स्थळ आणलं. मुलीच्या वडिलांनी गुरुवारी सकाळी अकराची वेळ दिली. ते रेल्वेत होते, दुसऱ्या दिवशी बाहेरगावी जाणार होते. मी फौजदारसाहेबांकडे रजा मागितली. ते म्हणाले, "गुरुवारी पाइप येणार आहेत. रजा नाही." मी सलाम करून बाहेर आलो.

हवालदारांनी त्याच दिवसाची रजा आधीच घेतली होती, गावच्या घराचं छप्पर शाकारायला. पण गवत आलं नाही म्हणून ते घरीच होते. गुरुवारी सकाळी फाट्यावर जायला निघालो तेव्हा दारात दात घासत उभे होते. माझं तोंड बघून म्हणाले, "काय रं, पोरगी बघायला निघालायस का सुतकाला?"

रजा नाकारल्याचं मी सांगितलं.

"मग जा की! मी हुबा ऱ्हातो तुज्या जागी. दोन घंटं तर हायत."

"साहेबांना कळलं तर?"

"साहेब आज पुण्याला गेल्यात. जा गड्या. पोरगी काय तुजी वाट बघत बसनार न्हाई."

काकी तेव्हा पाण्याला गेल्या होत्या. ते आत गेले आणि गणवेश घालून आले. मी माझ्या पेटीतला धुतलेला सदरा काढला, सायकल घेतली आणि चिंचवडचा रस्ता धरला. रजेवरचा माणूस माझ्या जागी उभा राहतोय आणि डायरीत त्याची नोंद नाही, हे मला पुरतं माहीत होतं.

मुलगी पसंत पडली. पोहे झाले, बोलणं झालं, बारा वाजले. मी उठायला हवं होतं. मुलीचे वडील म्हणाले, "आता जेवूनच जा." मामांनी डोळ्यांनी बस म्हटलं. मला तोंडाने नाही म्हणता आलं असतं, म्हटलं नाही. आतून पोळ्या येत होत्या, वाढणारी तीच होती, आणि मी जास्तीची एक पोळी मागून घेतली. तिथून निघालो तेव्हा एक वाजून गेला होता.

फाट्यावर पोचलो तर गर्दी. लॉरी तिरपी उभी, एक जाड लोखंडी पाइप रस्त्याच्या कडेला आणि पेरूच पेरू पसरलेले. हवालदारांना बाजेवर घातलं होतं. डावा पाय गुडघ्यापासून खाली मला बघवला नाही. लॉरी वळताना दोर तुटला होता. खाली पेरू विकणारी एक बाई टोपली घेऊन बसली होती. हवालदारांनी तिला टोपलीसकट ढकललं. ती वाचली, पाइप त्यांच्या पायावर आला.

मी वाकलो. चेहरा पांढरा पडला होता, पण शुद्ध होती. माझा सदरा ओढून त्यांनी तोंड जवळ घेतलं.

"तू हितंच हुतास. ऐकतोयस का? जरा झाडामागं गेलतास. मी असाच आलो हुतो, पेरू घ्यायला."

"पण हवालदार..."

"गप. कच्ची नोकरी हाय तुजी. जा, कपडं बदल आदी."

आणि मी गेलो. त्यांना लॉरीतून पुण्याच्या दवाखान्यात नेत होते तेव्हा मी खोलीत गणवेश चढवत होतो.

संध्याकाळी फौजदारसाहेब आले. त्यांनी माझा जबाब घेतला. मी होतो, बाजूला गेलो होतो, हवालदार कसे आले ते मला माहीत नाही. त्यांनी विचारलं, "रजेवरचा माणूस गणवेशात कसा?" मी म्हणालो, "सवय असेल, साहेब." त्यांनी लिहून घेतलं. मी सही केली. अक्षर माझं चांगलं होतं; त्या दिवशीही चांगलंच आलं.

पाय कापावा लागला नाही, पण गुडघा आखडला तो कायमचा. चार-पाच महिन्यांनी डॉक्टरांच्या बोर्डापुढे त्यांना उभं केलं. पळता येईना, उकिडवं बसता येईना, काठीशिवाय चालता येईना. बोर्डाने शेरा दिला की पोलीस नोकरीला नालायक. मग मोठ्या ऑफिसातून लिफाफा आला. हवालदारांना मोडी वाचता यायचं, पण ऑफिसचा टाइप केलेला कागद म्हटलं की ते माझ्याकडेच द्यायचे. त्यांच्या खोलीत, काकींच्या समोर, मी तो वाचला.

त्यात लिहिलं होतं की शरीराने असमर्थ झाल्यामुळे सेवेतून निवृत्त करण्यात येत आहे. सदर इसम घटनेच्या वेळी रजेवर असून कामावर नव्हता, सबब दुखापतीबद्दलची जादा पेन्शन मंजूर करता येत नाही. झालेल्या नोकरीच्या प्रमाणात साधी पेन्शन मिळेल.

'कामावर नव्हता' हे शब्द मी भरभर वाचले, पण काकींनी धरले.

"म्हंजी? बाईचा जीव वाचवला त्ये काम न्हाई?"

"रजेवर होते ना, काकी," मी म्हणालो.

"त्येच तर मला समजंना. रजा हुती तर ह्ये गेलंच कशाला तिकडं? नवा गणवेश घालून कोन पेरू आनाया जातं?"

हवालदार म्हणाले, "तू च्या टाक. लई नको विचारू." आणि माझ्याकडे बघितलंही नाही. काकींनी चहा आणला. मी तो प्यायलो.

पोलीस लाईनीतली खोली सोडावी लागली. थेरगावात काकींच्या भावाच्या मळ्यात एक पडवी होती, तिथे ते गेले. भांडी, पेटी, दोन घोंगड्या, एक उखळ. बैलगाडीत सामान मीच चढवलं. उखळ एकट्याने उचललं, जणू त्याने काही फिटणार होतं. पुढे कारखान्यात पहारेकऱ्यांची भरती निघाली तेव्हा हवालदार रांगेत उभे राहिले. काठी बघून त्यांना परत पाठवलं. मग कारखान्याच्या भिंतीबाहेर ते कामगारांच्या सायकली सांभाळायला बसू लागले. माझी ड्यूटी फाट्यावरच होती. दिवसभर ते मला दिसत. मान वर झाली की हात करायचे.

माझं लग्न झालं. हवालदार काठी टेकत आले, काकी आल्या. पंगतीत त्यांना पाटावर बसता येईना, म्हणून भिंतीला लागून खुर्ची दिली. माझी बायको नमस्काराला वाकली तेव्हा ते म्हणाले, "सुखी ऱ्हा, बाई. तुज्या नवऱ्याला मी पट्ट्या बांधाया शिकवलं." त्या पायाबद्दल तिला एवढंच ठाऊक होतं की अपघात झाला.

जबाब बदलायचा विचार मी रोज करत होतो, आणि रोज त्याच्या पुढे एक वाक्य लावत होतो: कायम झाल्यावर. आधी सांगितलं तर नोकरी जाईल, मग त्यांनी केलेलंही वाया जाईल. हे मला इतकं पटलं होतं की मी ते त्यांच्याच भल्याचं समजायला लागलो होतो.

कायम झाल्याचा हुकूम आला त्या दिवशी पेढे घेऊन मी सायकलींपाशी गेलो. हवालदारांनी पेढा तोंडात टाकला आणि जवळच्या दोन कामगारांना हाका मारून सांगितलं, "आमचा पोरगा पक्का झाला!" त्यांचे डोळे भरून आले होते. मला तिथे उभं राहवेना. घरी आलो आणि बायकोला सगळं सांगितलं.

ती तांदूळ निवडत होती. हात थांबला.

"म्हणजे मला बघायला आलात त्या दिवशी?"

"हो."

"जेवायला थांबलात, तेव्हा?"

"हो."

"आणि हे त्या काकींना माहीत नाही?"

"नाही."

तिने तांदळाचं ताट बाजूला सरकवलं. मग म्हणाली, "तुम्ही लिहून द्या. नाहीतर मी थेरगावला जाऊन काकींना सांगते. त्यांच्या हातची भाकरी तुम्ही खाल्लीत, मला ती घशाखाली उतरणार नाही."

फौजदार आता नवे होते. माझा अर्ज वाचून म्हणाले, "डोकं फिरलंय का तुझं? प्रकरण मिटलंय." मी म्हणालो, "मिटलं नाही, साहेब. खोटं लिहिलं होतं मी." त्यांनी अर्ज वर पाठवला आणि चौकशी लागली. पहिल्यांदा हवालदारांनाच बोलावलं, तर त्यांनी सरळ नाही म्हणून सांगितलं. "पोरगं भोळं हाय, साहेब. माजी दया येती म्हनून कायबी लिवतंय. मी पेरू घ्यायाच गेलतो."

मी त्यांना चौकीबाहेर गाठलं. "हवालदार, का करताय असं?"

"तुला सस्पेंड करतील, लेका. आता बायकूबी हाय तुला."

"करू देत."

"आन माजं काय अडलंय? सायकली हायत की."

"अडलं माझं आहे," मी म्हणालो. "मला झेपत नाही आता."

ते काठीवर भार देऊन उभे राहिले. मग म्हणाले, "मला खरं बोलाया लावू नगस. मी तोंडातनं शबूद काढलाय. दुसऱ्या कुनाला इचार."

दुसरं कोण, तर ती पेरूवाली. दीड-दोन वर्षांत तिला कुणी काही विचारलंच नव्हतं. चिंचवडच्या स्टेशनाबाहेर ती मला सापडली. मी विचारायच्या आत म्हणाली, "त्ये हवालदार? सकाळधरनं हुबं हुते की फाट्यावर. दोनदा मला म्हनले, बाई, टोपली मागं घे, लॉऱ्या येत्यात. मी न्हाई ऐकलं." आणि ती तोंडाला पदर लावून रडायला लागली. तिच्या मनातही ते इतके दिवस होतं, हे मला तेव्हा कळलं.

तिने फौजदारांसमोर तेच सांगितलं. कागद वर गेले, परत आले, पुन्हा गेले. पावसाळा गेला. शेवटी हुकूम आला: हवालदार प्रत्यक्ष बंदोबस्ताचं काम करत असताना जखमी झाले असं मानून दुखापतीची पेन्शन मंजूर. आणि माझ्यासाठी वेगळा कागद: एक वेतनवाढ वर्षभर रोखली, बदली चाकणला.

एवढंच. तो कागद हातात घेऊन मी चौकीच्या पायरीवर बसलो. ज्या शिक्षेला भिऊन मी त्या माणसाला भिंतीच्या कडेला सायकली राखायला बसू दिलं, ती शिक्षा एवढी होती. कच्ची नोकरी असताना बोललो असतो तर जास्त झाली असती का, कोण जाणे. मी तेव्हा विचारलंच नव्हतं.

पेन्शनचा कागद घेऊन थेरगावला मीच गेलो. हवालदार मळ्यात होते. काकी पडवीत जोंधळे पाखडत होत्या. चौकशीतून त्यांना आता सगळं कळलं होतं. सूप खाली न ठेवताच त्यांनी विचारलं, "कायम व्हायची वाट बघितलीस?"

"हो, काकी."

"बरं." त्या पुन्हा पाखडायला लागल्या. पुढे कितीदा त्या घरी गेलो, पण माझ्याशी त्या कधी बोलल्या नाहीत. पाणी आणून ठेवायच्या आणि आत जायच्या. माझ्या बायकोशी मात्र लेकीसारखं वागल्या.

चाकणला मी सहा वर्षं काढली. आठवडी बाजाराला हवालदार अधूनमधून एसटीने यायचे. बैल बघायचे, कांद्याचा भाव विचारायचे, घ्यायचे काहीच नाहीत. मग काठी टेकत चौकीवर यायचे आणि बाकावर पाय लांब करून बसायचे. चौकीत नवे शिपाई असले की माझ्याकडे बोट दाखवून सांगायचे, "ह्यो बघा, ह्येनं माजी पेन्शन काढून दिली. सोताची वाढ घालवली, पन खरं बोलला." शिपाई माझ्याकडे आदराने बघायचे. एकाने तर वाकून नमस्कार केला.

मी चहा मागवायचो. त्यांचं बोलणं मी एकदाही दुरुस्त केलं नाही.